आतल्या खोलीतला पारा

आमच्या ह्यांना सगळी गल्ली 'बल्बवाले आजोबा' म्हणते. तोंडावर म्हणते आणि पाठीमागेही म्हणते, त्यामुळे त्यात लपवाछपवी काही नाही. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत जुनी वर्तमानपत्रं आणि घट्ट झाकणाची एक बरणी, अशा थाटात हे सकाळी बाहेर पडतात आणि दारोदार विचारतात, "गेलेला बल्ब आहे का हो घरात? तो पांढरा, वळलेल्या नळीचा?" सुरुवातीला लोकांना वाटलं, म्हातारा भंगार गोळा करतोय. आमच्या चिरंजीवांच्या कानावर गेलं तेव्हा त्याने फोन करून विचारलं, "आई, पेन्शन पुरत नाही का?" मी म्हटलं, "पेन्शन पुरून उरते रे बाबा, दिवस सरता सरत नाही."

ह्यांची गोष्ट मीच सांगायला हवी, कारण हे स्वतः सांगणार नाहीत. ह्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे भिंतीतून गंजलेला खिळा काढण्यातला प्रकार. मला मात्र तो त्रास नाही. मी बोलायला लागले की समोरच्याला पाणी प्यायलाही उसंत मिळत नाही, असं माझी सख्खी बहीण म्हणते. म्हणू दे. घरात एकाने तरी बोलायला नको?

हे वायरमन. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत जन्म काढला. कुठल्या मजल्यावरचा कुठला दिवा कधी बदलला ते ह्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. आमच्या लग्नाचा वाढदिवस मात्र मलाच सांगावा लागायचा. ऊर्जा वाचवणारे ते पांढरे बल्ब पहिल्यांदा बाजारात आले ना, तेव्हा हे इतके हरखले की विचारू नका. घरातले सगळे पिवळे बल्ब एका दुपारी उतरवले. मला हात धरून जिन्याखाली नेलं आणि म्हणाले, "बघ, मीटर कसं हळू फिरतंय." नवरा बायकोला कुठेकुठे फिरायला नेतो. मला मीटर दाखवायला नेलं.

खरं सांगायचं तर मला तो उजेड काही आवडला नव्हता. बटण दाबलं की आधी आपला मिणमिणता, मग सावकाश वाढायचा. तोवर मी अंधारात चाचपडून मीठ समजून साखर घालून मोकळी. त्यात ह्यांची ताकीद, "सारखं चालू-बंद करू नकोस गं, त्याचं आयुष्य कमी होतं." मी म्हणायचे, "आणि चाचपडून माझं वाढतं का?" पण दिवा टिकायचा खरा. आणि टिकून टिकून एकदाचा गेला, की मग ह्यांचा खरा उद्योग सुरू व्हायचा.

त्या बल्बात दोन भाग. वर ती वळलेली काचेची नळी आणि खाली पांढऱ्या बुडात एक छोटं सर्किट. बल्ब गेला म्हणजे दोन्ही गेलं असं नसतं. कधी नळी काळी पडते आणि सर्किट धडधाकट असतं, कधी सर्किट जळतं आणि नळी नवीकोरी. मग हे दोन मेलेले बल्ब घ्यायचे, बुडं उघडायची, एकाची नळी दुसऱ्याच्या सर्किटला जोडायची, वर कथलाचा डाग द्यायचा आणि होल्डरमध्ये लावून बघायचे. पेटला की मुलासारखे हसायचे. ह्याला ते 'लग्न लावणं' म्हणायचे. "हे लग्न टिकेल असं वाटतंय," म्हणायचे आणि शेजाऱ्याला फुकट देऊन यायचे. काही लग्नं आठवड्यात मोडायची. मग वधूवर दोघंही परत आमच्याच घरी.

त्यामुळे सगळ्यांचे गेलेले बल्ब आमच्याकडे. आतल्या खोलीत दाराच्या वर ह्यांनी फळ्यांचा माळा केला होता, त्यावर एक पुठ्ठ्याचं खोकं. मी शंभरदा म्हटलं असेल, टाकून द्या हो ही अडगळ. पण जित्याची खोड! वायरमनच्या घरात तुटकी वायरसुद्धा टाकत नाहीत, तिथे अख्खा बल्ब कोण टाकतो? आणि त्या बल्बांच्या नळीत पारा असतो, हे ह्यांना माहीत नव्हतं असंही नाही. पण ताप मोजायच्या नळीतही पारा असतो, ती आपण जिभेखाली धरतोच की, असा ह्यांचा हिशेब. बंद आहे तोवर काय होतंय?

पुढे चिरंजीवांचं लग्न झालं आणि ती आतली खोली आम्ही त्या दोघांना दिली. सूनबाई चांगली, कमी बोलणारी. ह्यांच्याशी तिचं बरं जमायचं, कारण दोघंही तासन् तास गप्प बसू शकायची आणि दोघांनाही त्यात काही कमी वाटायचं नाही. मी मधे बसून दोघांच्या वाटचं बोलायचे. मग बाळ झालं. मुलगी. रांगायला लागली तशी जमिनीवर सांडलेला एकेक कण शोधून तोंडात घालायची. खाली पडलेला भाताचा दाणा तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा. म्हणून ह्यांनी तिला 'मुंगी' म्हणायला सुरुवात केली आणि तेच तिचं नाव पडलं.

ह्या माणसाला मी उभ्या आयुष्यात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं, जितकं ते मुंगीशी बोलायचे. तिला कडेवर घेऊन घरातला एकेक दिवा दाखवायचे. "हा तुझ्या आजीचा, स्वयंपाकघरातला. हा चिडका, जरा वेळाने पेटतो." ती मान वर करून बघायची आणि बटण दाबलं की दोन्ही हात वर करायची. मी स्वयंपाकघरातून ऐकत असायचे आणि मनात म्हणायचे, अहो, माझ्याशी कधी बोललात का असं? पण तोंडाने नाही म्हटलं. सुख चाललेलं असतं तेव्हा त्याला नावं ठेवू नयेत.

तर तो दिवस. दुपारची वेळ. सूनबाई अंघोळीला गेलेली, मुंगी आतल्या खोलीत सतरंजीवर, मी भाजी निवडत. शेजाऱ्यांचा दिवा गेला होता, त्यांना एक लग्न लावलेला बल्ब द्यावा म्हणून हे स्टुलावर चढून माळ्यावरचं खोकं ओढायला लागले. खोक्याचं बूड कधीचं दमट होऊन कुजलेलं. ते उचललं मात्र, आणि बूड सुटलं. सगळे बल्ब धडाधड खाली. फट्-फट्-फट् असा आवाज. मी धावत गेले तर हे स्टुलावर हातात रिकामं खोकं धरून उभे आणि खाली काचांचा सडा. आणि मुंगी? ती सतरंजीच्या पलीकडच्या टोकाला बसून टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, आजोबांनी तिच्यासाठीच केलं.

तिला कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. ह्यांनी तिला उचलून माझ्याकडे दिलं आणि मग जे जे करू नये ते ते सगळं ओळीने केलं. नळ्यांतली पांढरी भुकटी वाऱ्याने पसरू नये म्हणून खिडकी लावून घेतली. केरसुणी आणली आणि खसाखसा झाडून काढलं. सतरंजी गॅलरीच्या कठड्यावर टाकून धोपटली. काचा कागदात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. फरशी ओल्या फडक्याने पुसली आणि तेच फडकं मोरीत धुतलं. चाळीस वर्षं दिव्यांत हात घातलेला माणूस, पण फुटलेला दिवा कसा उचलायचा हे कधी कुणी शिकवलंच नव्हतं. काचेची बरणी फुटली तर आपण काय करतो? तेच केलं. मग फरशी लखलखीत झाली म्हणून त्यांनी मुंगीला परत खाली ठेवलं.

सूनबाई केस पुसत बाहेर आली ती दारातच थबकली. दोन फरश्यांच्या फटीत खसखशीच्या दाण्याएवढा एक चकचकीत थेंब होता, आणि मुंगीचं बोट त्याच्याकडे निघालं होतं. सूनबाई अशी काही ओरडली की मी घाबरून भाजीची टोपली सांडली. मुलीला उचलून बाहेर आणलं, हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले. घरात एक नवीन बल्ब पडला होता, त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरात सगळं छापलेलं. ते तिने मोठ्याने वाचलं. फुटल्यास खिडक्या उघडा, खोलीबाहेर जा, झाडू वापरू नका. हे समोर उभे राहून ऐकत होते. प्रत्येक वाक्याला ह्यांची मान एकेक बोट खाली.

डॉक्टरांनी मुंगीला तपासलं. पोर ठणठणीत. म्हणाले, इतक्याशा पाऱ्याने घाबरून जाऊ नका, पण पुढच्या वेळी नीट करा. मला वाटलं, झालं, मिटलं. पण सूनबाई म्हणाली, "खोली पूर्ण साफ होईपर्यंत मी आईकडे राहते." त्याच संध्याकाळी गेली, पाठोपाठ चिरंजीवही. मुंगी ह्यांच्या खांद्यावरून काढून घेताना रडली. हे टॅक्सीपर्यंत पोचवायला गेले आणि परत आले ते सरळ आतल्या खोलीत.

मग सुरू झालं ते साफ करणं. जाड पुठ्ठ्याच्या कडेने फटीफटीतलं खरवडून काढलं. चिकटपट्टी उलटी करून फरशीवर थापत थापत गुडघ्यांवर खोली पालथी घातली. ओल्या कागदाने पुसून ते कागदसुद्धा बरणीत बंद. सतरंजी गेली, केरसुणी गेली, दाराचा पडदा गेला. कचऱ्यात टाकलेल्या काचा पुन्हा हातमोजे घालून शोधून आणल्या. शेवटी फरशीच उखडली. गवंडी म्हणाला, "अहो काका, फरशी चांगली आहे की." हे म्हणाले, "फट वाईट आहे." नवीन फरशी घातली ती एकसंध. माळा काढून टाकला. भिंतींना रंग दिला. एवढं सगळं करून चिरंजीवाला फोन, "खोली झाली रे."

तर आता तिकडून उत्तर, रंगाचा वास जाऊ दे. वास गेला. मग मुंगीला जरा सर्दी आहे, बरी होऊ दे. बरी झाली. मग चिरंजीवाची बदली. दुसरं शहर, तिथे घर, तिथे पाळणाघर. मध्ये मध्ये यायचे, नाही असं नाही. पण उतरायचे सूनबाईच्या माहेरी. आमच्याकडे दुपारचं जेवण, बाहेरच्या खोलीत बसणं, आणि ऊन उतरलं की परत. हे दर वेळी आतल्या खोलीचं दार सताड उघडं ठेवायचे. सूनबाईची नजर तिकडे जायची आणि परत फिरायची. "पुढच्या सुट्टीत राहतो, बाबा," म्हणायची. पुढची सुट्टी यायची आणि जायची.

ह्या माणसाला झुरताना मी पाहिलंय. झुरणं म्हणजे काय हे आधी मला वाटायचं पुस्तकातलं काहीतरी असेल. नाही हो. झुरणं म्हणजे जेवताना मधेच घास हातात धरून थांबणं आणि मग "काही नाही" म्हणणं. रस्त्यात कुणाचं मूल दिसलं की चपलेचा अंगठा तुटल्यासारखं वाकून उगाच उभं राहणं. फोनवर मुंगी दिसायची तेव्हा ह्यांना बोलायला काही सुचायचं नाही. ती म्हणायची, "आजोबा, बघा माझं चित्र." हे चित्र बघायचे आणि विचारायचे, "तुझ्या डोक्यावर तो कुठला दिवा आहे गं?" मागून चिरंजीवाचा वैतागलेला आवाज, "एलईडी आहे, बाबा. त्यात पारा नसतो." "मग ठीक," हे म्हणायचे. तिचं चित्र कशाचं होतं ते मलाच विचारून घ्यावं लागायचं.

त्या सुमारास ती पिशवी खांद्यावर आली. कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानदाराला ह्यांनी इतकं पिडलं की त्याने दारात एक झाकणाचा पिंप ठेवला. गेलेले बल्ब त्यात ठेवायचे, न फोडता, कागदात गुंडाळून, आणि महिन्या-दोन महिन्यांनी असला धोक्याचा कचरा नेणारी गाडी येते तिच्यात द्यायचे. सोपं काम. पण लोक! एकजण म्हणाला, "आजोबा, मी तर थेट नाल्यात फेकतो, ब्याद जाते." ह्यांनी शांतपणे विचारलं, "नाल्याचं पाणी कुठे जातं?" तो म्हणाला, "मला काय माहीत?" मी तिथे असते तर त्याला नाला कुठे जातो ते धरून दाखवलं असतं. ह्यांचा पारा मात्र कधी चढला नाही. दुसऱ्या दिवशी परत त्याच्याच दारात, "गेलेला बल्ब आहे का हो?" पालथ्या घड्यावर पाणी ओतत राहिलं की घडा भरत नाही, पण कंटाळून एखादा सरळ होतो, एवढं मला ह्यांच्याकडून कळलं.

एकदा वरच्या मजल्यावरची शिंपीण धावत आली. तिच्या घरी शिवणाच्या मशीनवरचा बल्ब फुटला होता आणि घरात रांगता नातू. हे चप्पल न घालता वर गेले. मीही गेले मागोमाग. आणि मी काय बघते, तर आमचे मुखदुर्बळ हे चक्क हुकूम सोडतायत! "पंखा बंद करा. खिडक्या उघडा सगळ्या. मुलाला घेऊन बाहेर जा, घटकाभर कुणी आत यायचं नाही. केरसुणीला हात लावाल तर खबरदार." मग दम खाऊन, हातमोजे चढवून आत गेले. पुठ्ठ्याने काचा, चिकटपट्टीने भुकटी, ओल्या कागदाने फरशी, सगळं बरणीत, झाकण घट्ट. शिवायला काढलेलं कापड खाली होतं, तेही बांधून बाजूला ठेवलं. शिंपीण म्हणाली, "अहो, नवीन आहे ते!" हे म्हणाले, "नातूही नवीन आहे."

सगळं झाल्यावर तिने विचारलं, "आजोबा, आता ठेवू का ह्याला खाली?" ह्यांनी ओणवं होऊन फरशी एकदा तिरकी बघितली, हात फिरवला, बोट बघितलं. "ठेवा," म्हणाले. पोर खुशाल रांगायला लागलं. हे जिन्याच्या पायरीवर बसून बघत राहिले. मी म्हटलं, चला आता. उठेनात. खाली आल्यावर जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "एवढंच करायचं होतं गं. खिडकी उघडायची होती, आणि थांबायचं होतं." मी तोंड फिरवून भांडी घासायला लागले, कारण दोघांनी एकदम रडायचं म्हणजे घर कोण सांभाळणार?

पण जग काही आपल्यासाठी थांबत नाही. बघता बघता सगळ्यांकडे एलईडी आले. पिशवी हलकी व्हायला लागली. पूर्वी एका फेरीत भरायची, आता दिवस दिवस फिरून एखादा बल्ब. दुकानदार म्हणाला, "आजोबा, आता पिंप काढून टाकू का? कुणी आणत नाही." हे इतके कळवळून म्हणाले, "राहू दे की थोडे दिवस," की तो बिचारा वरमला. माझ्या मनात आलं, जिच्यापायी ह्यांना प्रायश्चित्त घ्यायचंय ती वस्तूच जगातून संपत चाललीय. मग हे काय करतील?

ह्या सुट्टीत ती तिघं आली. मुंगी आता शाळेत जाते, पुढचे दोन दात पडलेत, आणि बोलण्यात माझ्यावर गेलीय, कुणी काही म्हणा. आल्या आल्या तिने सगळं घर पालथं घातलं आणि आतल्या खोलीत जाऊन नवीन फरशीवर चक्क आडवी झाली. "किती गार आहे! आजोबा, ही कुणाची खोली?" हे दारात खांब होऊन उभे. म्हणाले, "तुझीच." ती म्हणाली, "मग मी इथे झोपते आज?" ह्यांनी सूनबाईकडे बघितलं. अहो, ते बघणं! मला तर बघवेना. सूनबाई म्हणाली, "आज नको गं राणी, कपडे नाही आणले." मुंगी दोनदा हट्ट करून विसरली. तिला बाहेर मांजर दिसलं होतं. हे अजून दारातच.

मी सूनबाईला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. माझा आता संयम सुटला होता. म्हटलं, "अगं, किती साफ करायचं अजून त्या माणसाने? फरशी उखडली, भिंती खरवडल्या. गल्लीतला एकेक बल्ब वेचून आणला. आता काय स्वतःचं कातडं काढून अंथरू दे का?"

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "आई, खोलीचं काही नव्हतं."

"म्हणजे?"

"घाबरले होते मी. खरंच घाबरले होते. पण दोन दिवसांत गेली ती भीती." तिने आवाज खाली केला. "मला माझं घर हवं होतं, आई. आधीपासूनच हवं होतं. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही दोघं वाईट असतात ना, तर भांडून सरळ गेले असते. चांगल्या माणसांच्या घरून निघायला काय कारण सांगायचं? ते मला सुचत नव्हतं. आणि मग ते बल्ब फुटले." तिचे डोळे भरले होते. "मला वाटलं, थोड्या दिवसांनी तुम्हाला आपोआप कळेल. बाबा इतकं मनाला लावून घेतील असं नव्हतं वाटलं. आणि मग सांगायची वेळच निघून गेली. आज राहिले, तर ते दर सुट्टीत वाट बघतील. आणि मला नाही जमणार, आई. मला इथे आल्यावर पुन्हा पाहुणी झाल्यासारखं वाटतं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तीही कुणाची तरी लेक, आणि स्वतःचं घर मलाही एके काळी हवं होतं. मिळालं नाही म्हणून हवंसं वाटायचं थांबलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि चहा टाकला. दुसरं करणार काय?

ऊन उतरल्यावर ती तिघं निघाली. मुंगीने ह्यांच्या गालाचा मुका घेतला आणि जिना उड्या मारत उतरली. हे खिडकीशी उभे राहिले, टॅक्सी वळेपर्यंत. मी ठरवलं होतं, ह्यांना सांगायचं नाही. अगदी शपथ घेतली होती मनाशी. पण हे वळले आणि म्हणाले, "उद्या ती खिडकीची चौकट एकदा पुसून घेतो. तिथे राहिलं असेल काहीतरी." आणि माझ्या शपथेची वाट लागली.

"अहो, पुरे!" मी ओरडलेच. "बल्बाचं काही नव्हतं! खोलीचं काही नव्हतं! तिला वेगळं राहायचं होतं, तेवढंच. आत्ता स्वतःच्या तोंडाने सांगून गेलीय मला."

मला वाटलं हे खाली बसतील. हे शांतपणे म्हणाले, "माहीत आहे मला."

"माहीत आहे? कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. बॅग मी उतरवली ना टॅक्सीपर्यंत. जड होती. चेन उघडी होती, ती लावायला वाकलो तर आत मुंगीचे लोकरीचे कपडे. भर उन्हाळ्यात. घड्या घालून, मधे पातळ कागद ठेवून भरलेले." चष्मा काढला. "घाबरलेलं माणूस असं भरत नाही. ती बॅग आधीच भरलेली होती."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मग हे सगळं कशाला केलंत? फरशी, पिशवी, इतकी वर्षं?"

"बल्बामुळे गेली म्हटलं, तर काहीतरी करता येत होतं गं. उचलायचं, पुसायचं, झाकण लावायचं. आणि दर सुट्टीला म्हणता येत होतं, ये, खोली साफ आहे. तीही म्हणायची, पुढच्या वेळी." ह्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून जास्त लागलं. "आता काय म्हणून बोलावू तिला?"

मी म्हटलं, "नुसतं ये म्हणा. त्यात काय?"

"नुसतं ये म्हटलं आणि ती नाही म्हणाली, तर मग ते माझ्यासाठीच नाही असेल ना."

असं म्हणून ते खुर्चीत बसले. चष्मा पुसला, फोन घेतला, सूनबाईचा नंबर काढून लावला आणि कानाला न लावता माझ्यासमोर धरला. "तू म्हण," म्हणाले. पलीकडे घंटी वाजत होती, आणि जन्मभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या मला त्या एका शब्दाला तोंड उघडवेना.